जोडीने विकल्यास दीड लाख

मी, दोधू झिपरू पाटील, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा शेती आणि त्याआधी संगणकीय कुंडली, राहणार ब्राह्मणपुरी, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, माझ्या मागे काय कोणाचे हे स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने, ओट्यावर बसून लिहितो. लिहिताना माझ्यावर कोणाचाही दाब नाही. रक्ताचा आहे, त्याची गोळी सकाळी घेतली. डोके ठिकाणावर असल्याचा शहाद्याच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी निर्मलाबाई हिचे त्याबाबत वेगळे मत आहे, पण ती डॉक्टर नाही.

याआधी दस्तलेखक प्रेमचंद यांनी मला एक मृत्युपत्र टाईप करून दिले होते. ते मी रद्द समजतो. का, ते कलम सातमध्ये येईल. ज्यांना घाई आहे त्यांनी थेट तिथे जाऊ नये, कारण आधीचे वाचल्याशिवाय ते समजणार नाही.

कलम १. माझे राहते घर आणि साडेचार एकर पपईचे शेत निर्मलाबाईच्या हयातीत तिचे राहील. तिच्यामागे ते माझा एकुलता एक मुलगा योगेंद्र याचे. योगेंद्र नंदुरबारला वीज खात्यात नोकरीस आहे आणि रविवारी येऊन घरातल्या वस्तू नजरेने मोजतो. त्याचा स्वभाव वाईट नाही. त्याला फक्त मोकळी जागा आवडते.

घराबाबत एक खुलासा करणे मला भाग आहे. या घराचे दार पूर्वी पूर्वेला होते, गल्लीकडे. सन २००० मध्ये मी ते विटांनी बुजवून उत्तरेला काढले. विचारणाऱ्यांना वास्तुदोष सांगितला. ते खोटे होते. पूर्वेच्या दारासमोर माझा धाकटा भाऊ भिला याचे दार आहे आणि मला सकाळी उठून त्याचे तोंड पाहायचे नव्हते. पंचवीस वर्षे मी स्वतःच्या घरात वळसा घालून शिरतो आहे.

कलम २. पतसंस्थेतली ठेव निर्मलाबाईची. त्यात तिच्या म्हशीच्या दुधाचा पैसा माझ्या कुंडल्यांपेक्षा जास्त आहे, हे ती मला सांगत आली आणि मी ऐकून न ऐकल्यासारखे करत आलो. आता लेखी मान्य करतो. घोडी घासायचा खरारा, तिच्या तोंडाला बांधायची मोहरकी आणि पितळी घुंगरांचा पट्टा खुंटीवर आहे. घोडी नाही. तरी पट्टा विकू नये.

कलम ३. आता संगणकाचे.

आमचे वडील झिपरू यांनी आम्हा दोघा भावांना शेत दिले आणि चांदणी नावाची पांढरी घोडी दिली. सन १९९४ च्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत आम्ही ती विकली. मध्ये दलाल होता वाहरू, आमच्याच गावचा. त्याने रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटे दाबून भाव केला आणि एकतीस हजारांना सौदा झाला. तापीच्या पुलावर भिला रडला. मी रडलो नाही, कारण मी मोठा होतो. घरी येऊन न्हाणीत रडलो.

त्या पैशांत मी सुरतेहून एक जुना संगणक आणला. तिथल्या व्यापाऱ्याकडे तो साड्यांचा साठा सांभाळत असे. सोबत छापायचे यंत्र होते, जे छापताना पत्र्यावर पाऊस पडावा तसे वाजे. यंत्र मी निवडले. मग भिला नाशिकला गेला आणि ‘शुभयोग’ नावाचा कुंडलीचा प्रोग्राम घेऊन आला. एक पुठ्ठ्याचे खोके, त्यात सात फ्लॉप्या आणि एक पुस्तिका. प्रोग्राम त्याने निवडला. ही विभागणी वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी, पुढचा सगळा सत्यानाश तिच्यातूनच निघाला.

वाहरू ते बघायला आला. चारी बाजूंनी फिरला आणि म्हणाला, “घोडी इकीसन टीव्ही लई उनात का रे?”

पण धंदा चालला. ओट्यावर आम्ही ‘पाटील बंधू संगणकीय कुंडली केंद्र’ अशी पाटी लावली. मी बटणे दाबायचो, भिला कागद वाचून अर्थ सांगायचा. तळोद्यापासून खापरपर्यंतची माणसे यायची. भटजींच्या कुंडलीशी ती हुज्जत घालत, संगणकाच्या कुंडलीशी कोणी घालत नसे. एकावन्न रुपयांत छत्तीस गुण जुळवून मिळायचे. पाच वर्षांत आम्ही किती लग्ने लावली त्याची गणती नाही, आणि त्यातली टिकलेली मला रस्त्यात नमस्कार करतात. बाकीची भिलाला शोधतात.

कलम ४. सन २००० च्या जानेवारीच्या चार तारखेला खापरचे एक किराणा दुकानदार नवजात मुलाची कुंडली करायला आले. मूल एक तारखेला पहाटे झाले होते. मी बटणे दाबली, कागद निघाला, भिलाने तो न वाचताच घडी करून दिला, कारण त्या दिवशी गर्दी होती. दुसऱ्या दिवशी ते जीप करून परत आले. कागदावर जन्मसाल १९०० होते. विवाहयोग १९२१. आयुर्योग अडुसष्ट वर्षे.

ते म्हणाले, “मन्हा पोऱ्या चार दिनना शे, आनि तुम्ही त्याले बत्तीस साल पहिलेच मारी टाकं.”

घरी आजी छाती बडवत होती म्हणे. त्या महिन्यात अशा बारा कुंडल्या निघाल्या. एका साखरपुडा झालेल्या जोडप्याला लग्नाचा मुहूर्त एप्रिल १९०० चा मिळाला आणि खाली प्रोग्रामचा शेरा होता की वधूचा जन्म व्हायचा असल्याने तयारीस भरपूर अवधी आहे.

आम्ही सगळ्यांचे पैसे परत केले. पैशांचे दुःख नव्हते. प्रश्न होता चूक कोणाची.

भिला म्हणाला, “घड्याळ मशीनमा शे. मशीन तुन्हं, मंग चूक बी तुन्ही.”

मी म्हणालो, “छापस कोन? तुन्हा प्रोग्राम. चूक तुन्ही.”

हे संभाषण जानेवारीत सुरू झाले ते आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, चालले. जेवताना, पाणी भरताना, शेताच्या बांधावर. पुढे शब्द तेच राहिले आणि आवाज वाढत गेला. एके दिवशी तो म्हणाला की चांदणी विकायची अक्कलही माझीच होती. त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. निर्मलाबाईला आठवत असेल, तिने विसरावे.

कलम ५. आखाजीला वाटणी झाली. शेत आणि घरे सकाळी दोन तासांत वाटली गेली, एक शब्द वर-खाली झाला नाही. संगणकावर दिवस मावळला. पंच म्हणून वाहरूला बसवले होते, कारण पंचक्रोशीत मोल करण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. मात्र पाय नसलेल्या वस्तूचे मोल त्याने आयुष्यात केले नव्हते.

त्याने फ्लॉपी घालायच्या फटीत बोट घातले आणि विचारले, “याना दात कोठे शेतस?” मग मागच्या बाजूला थाप मारली, कान लावला, मागे सरून पाहिले. “हाई उभं ऱ्हास, पन चालत नही,” म्हणाला. “चालत नही त्यानं मोल मी करत नही.”

मग प्रोग्रामचे मोल काढायचे ठरले. किराणा दुकानातून तराजू आणला. एका पारड्यात कोरी फ्लॉपी ठेवली, दुसऱ्यात प्रोग्रामची. काटा हलला नाही. वाहरू म्हणाला की याचा अर्थ आत काही नाही. तेव्हा भिलाने विचारले, “मानूस मरी गया का त्यानं वजन कमी व्हस का?” वाहरूने दोन्ही फ्लॉप्या पारड्यांतून काढून खाली ठेवल्या. मला तेव्हा भावाचा अभिमान वाटला. मी तो दाखवला नाही.

शेवटी वाहरूने निकाल दिला, “ज्याले जे चांगलं वाटस, ते त्यानं लई जावं.” मी चार महिने यंत्र निर्दोष असल्याचे सांगत होतो, म्हणून यंत्र मला. भिला प्रोग्राम निर्दोष असल्याचे सांगत होता, म्हणून खोके त्याला. छापायचे यंत्र मला आणि त्याच्या शाईच्या फिती त्याला. वाहरू २०११ साली वारला. मरेपर्यंत तो हा न्याय सारंगखेड्याच्या यात्रेत लोकांना सांगत असे आणि लोक माना डोलवत असत.

त्या दिवसापासून भिला आणि मी बोललो नाही. निरोप असेल तर निर्मलाबाई नेते. आईच्या तेराव्यालाही आम्ही एका पंगतीत, चार माणसे सोडून बसलो.

दर दसऱ्याला मी यंत्राची पूजा करून ते चालू करतो. ते एकदा शीळ घालते आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते. अर्थ असा की चकती घाला. मी बंद करतो. पंचवीस वर्षे ते एकच वस्तू मागते आहे आणि ती वस्तू गल्लीच्या पलीकडे कपाटात आहे.

कलम ६. या यंत्राची किंमत किती, यावर माझ्या पश्चात कोणी डोके फोडून घेऊ नये म्हणून आजवरचे सर्व अंदाज देतो.

योगेंद्रचा अंदाज वजनाचा आहे. एकोणीस किलो, भंगाराच्या दराने, त्यातही पडद्याची काच भंगारवाला घेत नाही. माझा स्वतःचा अंदाज एक घोडी. निर्मलाबाईचा अंदाज असा की कोणी नेत असेल तर आपण वर चहा पाजावा.

चौथा अंदाज चेतनाचा. चेतना ही भिलाची मुलगी, पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. निरोप नेणारी निर्मलाबाई सोडली तर गल्ली ओलांडणारी या दोन घरांत ती एकटी. या दिवाळीला तिने माझे यंत्र उघडले आणि आतल्या हिरव्या पाटीकडे पाहून माझ्या हातावर एक चापट मारली. आतला छोटा सेल गळायला लागला होता. अजून दोन वर्षे राहिला असता तर त्याने पाटी खाल्ली असती. तिने तो काढून टाकला. मग मला मोबाईलवर दाखवले की जुने संगणक लोक हौसेने विकत घेतात. एक यंत्र अडीच लाखांना लावलेले होते. मी उठून उभा राहिलो.

ती म्हणाली, “बस, मोठा बाबा. मांगेल किंमत म्हनजे किंमत नही. इकायेल किंमत देखनी पडस.”

हे वाक्य वाहरू ऐकता तर तिला आपला दलालीचा रुमाल देता. ती पुण्यात शिकली, पण ही अक्कल सारंगखेड्याची आहे. मग तिने शोधून काढले ते असे. असे यंत्र नुसते, चकतीवाचून, चालते की नाही ते दाखवता येत नाही असे, सहा हजारांना जाते. पिवळे पडले असेल तर त्याहून कमी. माझे पिवळे पडले आहे. मराठी प्रोग्रामचे नुसते खोके, चालवून न दाखवता, दोन हजार. ‘शुभयोग’ कुठेही विकलेला सापडला नाही, तेव्हा तोही नुसता अंदाज. परंतु दोन्ही एकत्र, पुस्तिकेसह, सगळ्या फ्लॉप्यांसह आणि समोर चालवून दाखवले, तर पुण्याचा एक संग्राहक दीड लाख द्यायला तयार आहे. मुदत डिसेंबरअखेरपर्यंत.

सहा आणि दोन मिळून दीड लाख कसे, हे योगेंद्रला समजले नाही. तो इंजिनिअर आहे. मला लगेच समजले. जोडीतला एक बैल गेला की उरलेल्याचे मोल निम्मे होत नाही, पावही राहत नाही. बाजारात एकटा उभा असलेला बैल पाहून गिऱ्हाईक आधी विचारते, दुसऱ्याला काय झाले?

चेतनाने आणखी एक सांगितले. फ्लॉप्यांना बुरशी धरते. धरली की प्रोग्राम गेला, मग कोणी कितीही दिले तरी परत येत नाही. तिच्या अंदाजाने अजून दोन पावसाळे.

ती यंत्र चालू करून पाहत असताना त्याचा वीजपुरवठ्याचा डबाही जळाला. तो झाळायला तिने खापरचा एक मोबाईल दुरुस्त करणारा मुलगा बोलावला. नाव भूपेश. त्याने काम करता करता सहज सांगितले की तो एक जानेवारी २००० चा, आणि त्याची कुंडली याच ओट्यावर निघाली. मी हात जोडले. तो म्हणाला की कुंडली त्याने प्लॅस्टिकमध्ये घालून दुकानात लावली आहे, लोक फोटो काढतात, आणि आयुष्य संपल्यापासून धंदा चांगला चालतो. डब्याचे त्याने पैसे घेतले नाहीत. माझा घुंगरांचा पट्टा माझ्यामागे भूपेशला त्याच्या दुकानाच्या दाराला बांधायला द्यावा. कलम दोनमध्ये विकू नये म्हटले आहे, देऊ नये म्हटलेले नाही.

(भूपेश सही करायला आल्यावर त्याने पट्टा नको म्हणून सांगितले, कारण साक्षीदाराने काही घ्यायचे नसते. सबब पट्टा खुंटीवरच राहील.)

कलम ७. दिवाळी झाल्यावर मी शहाद्याला दस्तलेखक प्रेमचंद यांच्याकडे गेलो आणि मृत्युपत्र सांगितले. त्यांनी टाईप करून दिले. एसटी स्टँडवर बाकावर बसून मी वाचायला घेतले. वरती माझे नाव बरोबर होते, घर, शेत बरोबर होते. सातव्या कलमात मात्र असे होते:

“माझे कपाटातील ‘शुभयोग’ नावाचे खोके, सात फ्लॉप्या व पुस्तिकेसह, माझे वडील बंधू दोधू झिपरू पाटील यांस द्यावे. ते पूर्ण आहे. एकही फ्लॉपी हरवलेली नाही. दर दसऱ्याला मी त्या मऊ कापडाने पुसतो.”

प्रेमचंद जुन्या दस्तावर नवा दस्त चढवतात. नावे बदलतात, कधी कधी एखादे कलम बदलायचे राहते. आठवडाभर आधी भिला त्यांच्याकडे येऊन गेला होता आणि त्याचे सातवे कलम माझ्या कागदात तसेच राहिले होते. मी दोन गाड्या जाऊ दिल्या. तिसऱ्या गाडीत बसलो, पण कंडक्टरला तिकीट कुठले ते सांगता येईना. मला माझ्या भावाची आठवण येते. समोर राहतो तरी येते.

आता गंमत बघा. मीही प्रेमचंदांना हेच सांगितले होते, नावे उलटी करून. यंत्र माझ्यामागे भिलाला. म्हणजे मी आधी मेलो तर जोडी त्याच्या घरी पूर्ण होईल, तो आधी मेला तर माझ्या. दोघे जिवंत आहोत तोवर काहीच होणार नाही. आणि आमच्या घराण्यात कोणी वेळेवर मरत नाही. वडील वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेले, आई त्र्याण्णवाव्या. दोन पावसाळ्यांत दोघांपैकी एकाने जावे असा योग ‘शुभयोग’मध्येही निघणार नाही.

निर्मलाबाईने हे ऐकले आणि म्हणाली, “तुम्ही पहिले मरशात का भिलाभाऊ पहिले मरी, ते डबडं ते आठेच घरमा सडी जाई. उठा, अन दी या.”

तिचे बरोबर आहे. पण जिवंतपणी यंत्र उचलून त्याच्या घरी नेले, तर गाव म्हणेल दोधूने चूक कबूल केली. मेल्यावर दिले तर ती इच्छा ठरते. एवढाच फरक आहे आणि तो मला ओलांडता येत नाही. सबब माझे यंत्र, पडदा, बटणांची पाटी व छापायचे यंत्र यांसह, माझ्या पश्चात भिला झिपरू पाटील यास द्यावे. यंत्र निर्दोष आहे हे त्याने ते स्वीकारताना मनातल्या मनात मान्य करावे. मोठ्याने म्हणण्याची सक्ती नाही.

कलम ८. इतर राग. आमचा शेजारी खात्या याने माझी शिडी २०१७ साली नेली, ती त्याने ठेवून घ्यावी, पण शिडी माझी होती हे विसरू नये. एवढेच. बाकी राग होते ते वयाने गेले.

कलम ९. माझ्या मृत्यूनंतर कुंडली काढून वेळ चांगली होती की वाईट हे पाहू नये. आम्ही तो धंदा केला आहे.

सही करण्याच्या दिवशी वाढवलेला मजकूर

प्रेमचंदांनी बजावले होते की साक्षीदार दोन हवेत, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याची साक्ष घेऊ नये, उद्या कोर्टात फाटे फुटतात. एक साक्षीदार भूपेश, तो खापरहून वेळेवर आला. दुसरे आमचे निवृत्त गुरुजी विसरवाडीला लग्नाला गेले आणि तिथेच राहिले. अकरा वाजले, बारा वाजले. निर्मलाबाई मला न विचारता गल्लीत जाऊन उभी राहिली.

“भिलाभाऊ, सही कराले या. चश्मा लई या.”

तो आला. पूर्वेच्या भिंतीशी थांबला, जिथे दार होते, आणि विटांवरून हात फिरवला. मग वळसा घालून आत आला. मी पाट दिला. त्याने पहिल्या पानापासून वाचायला घेतले. नियमाने साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नाही, पण कोणी तसे म्हणाले नाही. कलम पाचवर तो म्हणाला, “तराजू किरानावालानं नव्हतं, सोनारनं व्हतं.” सोनाराचेच होते. मी दुरुस्ती मान्य करतो. कलम सातवर त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

मी म्हणालो, “सही करशी ते तुले मशीन भेटाव नही.”

“माले माहीत शे,” तो म्हणाला. “तू मरी जाशी, मंग मी एकला काय करसू त्या मशीनले?”

आणि त्याने सही केली.

मग तो घरी गेला आणि खोके घेऊन आला. खोक्याला अजून नाशिकच्या दुकानाचा कागद होता. भूपेशने तारा जोडल्या. यंत्राने शीळ घातली, ओळ आली, आणि पंचवीस वर्षांनी कोणीतरी त्याच्या फटीत चकती घातली. ते कुरकुरले. तिसरी फ्लॉपी वाचेना, तेव्हा भिलाने तिच्यावर फुंकर मारली आणि ती वाचली गेली. त्याआधी यंत्राने स्वतःच्या घड्याळातली तारीख दाखवली होती, एक जानेवारी १९८०.

“देख,” भिला म्हणाला.

मी सांगितले की चेतनाने सेल काढला आहे, बिनसेलचे घड्याळ काय सांगणार. फोनवर चेतनाने सांगितले की आजची तारीख घाला. मी २०२५ घातले, यंत्राने ते मुकाट घेतले. मग ‘शुभयोग’ उघडला, रेघांचा गणपती आला, घंटा वाजली, आणि वरच्या कोपऱ्यात साल आले, १९२५.

“देख,” मी म्हणालो.

यंत्रही चुकले होते आणि प्रोग्रामही. भूपेशने जमिनीकडे पाहत तोंडावर रुमाल धरला. भिला म्हणाला एक कुंडली काढून खात्री करू, तेव्हा माझीच काढली. जन्म १९५०. यंत्र बराच वेळ विचार करत राहिले. मग पडद्यावर आले, वय उणे पंचवीस. सूचना: जातकाचा जन्म व्हायचा आहे.

निर्मलाबाई दारातून म्हणाली, “मंग हाऊ कागद कसाले लिखी ऱ्हायनात?”

तरीही कागद लिहिला आहे तर पुरा करतो. कलम सात मी रद्द करतो. यंत्र आज दुपारी भिलाला हातोहात दिले. त्याच वेळी त्याने खोके मला हातोहात दिले. म्हणजे आता यंत्र त्याचे आणि फ्लॉप्या माझ्या, आणि कायद्याने पाहिले तर आम्ही जिथे होतो तिथेच आहोत. म्हणून असे ठरले की जोडी माझ्या पुढच्या खोलीत राहील आणि भिला रोज येईल. उत्तरेचा वळसा त्याच्या गुडघ्यांना झेपत नाही. सबब योगेंद्रने येत्या रविवारी पूर्वेच्या दारातल्या विटा काढाव्यात. घरातल्या वस्तू मोजण्यापेक्षा ते बरे.

पुण्याच्या संग्राहकाला चेतनाने कळवावे की जोडी पूर्ण आहे, चालते, आणि दीड लाख हा भाव वाजवी आहे. विकायचे नाही असे आमचे म्हणणे नाही. १९२५ साल कोणाच्या चुकीने आले ते एकदा ठरू द्यावे, मग विकू. त्यासाठी आम्ही उद्या सकाळी बसणार आहोत.

स्थळ: ब्राह्मणपुरी, पूर्वेच्या भिंतीलगत.
दिनांक: २८ नोव्हेंबर २०२५. यंत्राचे व प्रोग्रामचे साल ग्राह्य धरू नये.

(सही) दोधू झिपरू पाटील

साक्षीदार पहिला: (सही) भूपेश, राहणार खापर, तालुका अक्कलकुवा. वय पंचवीस. कुंडलीप्रमाणे सन १९६८ पासून मयत.

साक्षीदार दुसरा: (सही) भिला झिपरू पाटील, राहणार समोर. सर्व वाचले. कलम चार मान्य नाही. बाकी मान्य.